स्पोर्ट्स कारचे पॉवर स्टिअरिंग अचानक गेले: पंप बदलायचा, रॅक बदलायचा की आधी वायर तपासायची?

चालू गाडीचे पॉवर स्टिअरिंग एका क्षणात गेले की दुरुस्तीच्या यादीत सगळ्यात वर नाव येते ते रॅकचे, म्हणजे स्टिअरिंग फिरवले की डावी-उजवीकडे सरकून चाके वळवणाऱ्या दांड्याच्या जोडणीचे. रॅक हा या यंत्रणेतला सगळ्यात महाग भाग, काढायला सगळ्यात अवघड, आणि अचानक बंद पडण्याच्या बाबतीत सगळ्यात कमी संशयास्पद. हायड्रॉलिक रॅकची सीलं हळूहळू झिजतात. आधी ओलसरपणा दिसतो, मग थेंब पडतात आणि स्टिअरिंग आठवड्यामागून आठवडे जड होत जाते. क्षणात जाते ते रॅकला ताकद पुरवणारे काहीतरी: बेल्ट, पंपाचा शाफ्ट, प्रेशर होज. इलेक्ट्रिक स्टिअरिंगमध्ये तीच जागा व्होल्टेज, अर्थिंग, कनेक्टर आणि कंट्रोल युनिट घेतात. म्हणून आधी बिघाड नेमका कुठे आहे ते मोजा, मग दुरुस्तीचे पर्याय एकमेकांशेजारी ठेवून निवडा. उलट क्रमाने गेलात तर नवा रॅक बसवूनही स्टिअरिंग जडच राहू शकते.

आधी सुरक्षिततेचे. पॉवर गेली तरी चाके आणि स्टिअरिंग यांच्यातली यांत्रिक जोडणी शाबूत असते, गाडी वळते. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ७९ नुसार प्रवासी कारमध्ये मदत बंद पडल्यावर ठरलेले वळण घेण्यासाठी स्टिअरिंगवर ३०० न्यूटनपेक्षा जास्त जोर लागता कामा नये. मदत चालू असताना हीच मर्यादा १५० न्यूटन आहे. ३०० न्यूटन म्हणजे साधारण ३० किलो वजन उचलण्याइतका जोर, आणि तोही सावकाश वळणात. स्पोर्ट्स कारचे पुढचे टायर रुंद, रॅकचे गुणोत्तर वेगवान आणि स्टिअरिंग व्हील लहान, त्यामुळे तिथे हा फरक हाताला फार जाणवतो. वळणाच्या मधोमध मदत गेली तर जोर अचानक कितीतरी जास्त लागतो आणि गाडी बाहेर फेकली जाऊ शकते. तेव्हा दोष सापडेपर्यंत गाडी वेगाने पळवू नका, ट्रॅकवर तर अजिबात नेऊ नका.

तुमच्या गाडीत यंत्रणा कोणती?

तीन प्रकार आहेत आणि तिघांच्या तपासणीचे रस्ते वेगळे आहेत.

शुद्ध हायड्रॉलिकमध्ये इंजिनच्या बेल्टवर पंप फिरतो आणि ऑइलचा दाब रॅकमधल्या पिस्टनला ढकलतो. पहिल्या तीन पिढ्यांच्या माझदा एमएक्स-५, बीएमडब्ल्यूची ई-४६ एम-३, पोर्शे ९११ ची ९९६ आणि ९९७ ही मॉडेले या गटातली. पोर्शेत इंजिन मागे आणि रॅक पुढे, त्यामुळे दाबाचे पाइप गाडीच्या पोटाखालून लांब जातात. तपासताना हे लक्षात ठेवा, गळती रॅकपासून दोन मीटर मागेही असू शकते.

इलेक्ट्रो-हायड्रॉलिकमध्ये रॅक हायड्रॉलिकच असतो, पण पंप विजेच्या मोटरवर चालतो. दुसऱ्या पिढीच्या टोयोटा एमआर-२ मध्ये इंजिन मध्यभागी असल्यामुळे पंप असा पुढे बसवलेला आहे.

पूर्ण इलेक्ट्रिक म्हणजे ईपीएसमध्ये ऑइल नाहीच. मोटर स्टिअरिंग कॉलमवर तरी असते, नाहीतर रॅकवर. होंडा एनएसएक्स १९९० मध्ये आली तेव्हा तिच्या ऑटोमॅटिक आवृत्तीत रॅकवरची इलेक्ट्रिक मदत होती. होंडा एस-२००० आणि माझदा आरएक्स-८ याच वाटेने गेल्या. २०१२ च्या टोयोटा ८६ आणि सुबारू बीआरझेडमध्ये मोटर कॉलमवर आहे. पोर्शे ९११ ने २०११ मध्ये ९९१ मॉडेलपासून आणि एमएक्स-५ ने २०१५ च्या चौथ्या पिढीपासून हायड्रॉलिक सोडले.

बॉनेट उघडून पाहिले तरी ओळख पटते. स्टिअरिंग ऑइलची टाकी आहे आणि बेल्टवर पंप आहे तर हायड्रॉलिक. टाकी आहे पण बेल्टवर पंप नाही तर इलेक्ट्रो-हायड्रॉलिक. टाकीच नाही तर ईपीएस.

एकच लक्षण, दोन अर्थ

डॅशबोर्डवरचा बॅटरीचा दिवा आणि जड स्टिअरिंग एकदम आले तर हायड्रॉलिक गाडीत बहुधा बेल्ट तुटला किंवा उतरला. त्याच बेल्टवर पाण्याचा पंपही असेल तर काही मिनिटांत इंजिन तापेल. गाडी लगेच थांबवा. ईपीएसमध्ये हीच जोडी सांगते की चार्जिंग बंद पडले, बॅटरी उतरली आणि युनिटने वीज वाचवण्यासाठी मदत बंद केली. इथे स्टिअरिंगला हात लावण्याआधी अल्टरनेटर पाहायचा.

| लक्षण | हायड्रॉलिक | ईपीएस |
|---|---|---|
| एकाच बाजूला जड | रॅकचा व्हॉल्व्ह किंवा पिस्टनचे सील | टॉर्क सेन्सरचा (स्टिअरिंगवरचा हाताचा जोर मोजणारा) शून्यबिंदू सरकला |
| दोन्ही बाजूंना एकदम जड | बेल्ट, पंप, ऑइल संपले | फ्यूज, अर्थिंग, कनेक्टर, युनिट |
| जागेवर फार वळवल्यावर हळूहळू जड | ऑइल तापून पातळ झाले, पंप झिजला | उष्णतेपासून संरक्षण. थंड झाल्यावर पूर्ववत |
| सकाळी जड, नंतर हलके | रॅकच्या व्हॉल्व्हच्या घरात रिंगांनी खाचा पाडल्या | कमकुवत बॅटरी |
| एका फेरीत दोनदा अडकते | मदतीचा दोष नाही, युनिव्हर्सल जॉइंट | तेच |

शेवटच्या ओळीकडे बरेच जण दुर्लक्ष करतात. कॉलमखालचा युनिव्हर्सल जॉइंट गंजला की स्टिअरिंग एका फेरीत दोन ठिकाणी अडते, आणि एक्झॉस्टच्या पाइपांच्या (हेडरच्या) उष्णतेशेजारी बसणाऱ्या जॉइंटचे ग्रीस लवकर सुकते. पुढची चाके उचला, इंजिन बंद ठेवा आणि स्टिअरिंग सावकाश फिरवा. हवेत असलेल्या चाकांनाही अडकल्यासारखे वाटले तर पंप आणि मोटर दोघेही निर्दोष आहेत.

गाडीत आधी काय बदल केले आहेत तेही विचारात घ्या. इंजिनच्या क्रँकवर लहान अंडरड्राइव्ह पुली बसवली असेल तर आयडलवर पंप सावकाश फिरतो आणि पार्किंगमध्ये मदत कमी पडते. चाकामागे बसवलेल्या जाड स्पेसरमुळे चाकाचा मध्य बाहेर जातो आणि टायर वळवायला जास्त जोर लागतो. हलकी लिथियम बॅटरी किंवा मोठा अँप्लिफायर बसवलेल्या ईपीएस गाडीत व्होल्टेज क्षणभर कोसळू शकते. यातली एखादी गोष्ट अलीकडेच केली असेल तर तपासणी तिथूनच सुरू करा.

हायड्रॉलिक: दाब मोजल्याशिवाय पार्ट मागवू नका

आधी बेल्ट. तो जागेवर असला तरी चकचकीत झाला आहे का, त्यावर ऑइल किंवा कूलंट सांडले आहे का, टेन्शनर दाब धरतो का ते पाहा. मग बेल्ट काढून पंपाची पुली हाताने फिरवा. ती गुळगुळीत, थोड्या अडसरासह फिरली पाहिजे. कणकण जाणवली तर बेअरिंग गेले. पुली फिरते पण आतला रोटर फिरत नाही, असेही होते. शाफ्ट तुटला किंवा त्याचे दाते घासले की पंप बाहेरून ठणठणीत दिसतो आणि दाब शून्य मिळतो.

नंतर टाकी. ऑइलला फेस आला असेल तर हवा शिरते आहे, आणि ती बहुधा टाकी ते पंप या खेचणाऱ्या बाजूने. या पाइपात दाब नसतो, म्हणून तिथून ऑइल गळण्याऐवजी हवा आत ओढली जाते आणि बाहेर डाग दिसत नाही. क्लिप किंवा ओ-रिंग बदलली की काम होते. पातळी शून्य असेल तर ऑइल गेले कुठे ते शोधा. रॅकच्या टोकाचे रबरी बूट दाबून पाहा. आत ऑइल खळखळले तर रॅकचे सील गेले आहे.

एवढ्याने उत्तर मिळाले नाही तर पंप आणि प्रेशर होज यांच्या मधे गेज आणि बंद करता येणारा व्हॉल्व्ह लावा. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, इंजिन आयडलवर ठेवा आणि ऑइल गरम होऊ द्या. स्टिअरिंग सरळ असताना दाब थोडाच दिसतो, साधारण ५ ते १० बार. आता व्हॉल्व्ह हळूहळू बंद करा, पण ५ सेकंदांपेक्षा जास्त बंद ठेवू नका, नाहीतर पंप स्वतःला जाळून घेईल. कारच्या पंपाचा कमाल दाब सहसा ७० ते १२० बारच्या दरम्यान असतो. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. तो आकडा गाठला तर पंप बरा आहे. मग व्हॉल्व्ह उघडा ठेवून स्टिअरिंग एका टोकाला न्या आणि ५ सेकंदांच्या आत दाब वाचा. व्हॉल्व्ह बंद असताना दाब मिळतो आणि टोकाला नेल्यावर मिळत नाही, तर ऑइल रॅकच्या आतून पळते आहे. व्हॉल्व्ह बंद असतानाही मिळत नाही, तर रॅकला दोष देऊ नका. स्टिअरिंगच्या संपूर्ण निदानात रॅक बदलावा की नाही हे ठरवणारी याहून खात्रीची चाचणी नाही.

दाब कमी आला तरी पंप लगेच फेकू नका. बहुतेक पंपांत ऑइल बाहेर पडण्याच्या युनियनमागे (पाइपच्या जोडामागे) फ्लो कंट्रोल व्हॉल्व्ह असतो. बोटाएवढा स्टीलचा दंडगोल आणि त्यामागे स्प्रिंग. धातूचा कण किंवा जुन्या सीलचा तुकडा त्यात अडकला की तो उघडाच राहतो, ऑइल पंपाच्या आतच गोल फिरते आणि मदत एका झटक्यात जाते. तो काढताना दिशा लक्षात ठेवा, नीट धुवा, ऑइल लावून भोकात सोडा. स्वतःच्या वजनाने घरंगळत आत गेला पाहिजे. कडेला बारीक ओरखडा असेल तर २००० नंबरच्या पाणकागदाने ऑइलमध्ये भिजवून हलकेच फिरवा. खोल खाच असेल तर पंप बदला, घासत बसू नका.

पंपाचे पर्याय

सील किट स्वस्त आहे, पण ते फक्त गळतीचे औषध आहे. दाब व्यवस्थित आणि शाफ्टपाशी ओलसर, अशा पंपालाच ते द्या. पंपातली ऑइल ढकलणारी पाती (व्हेन) आणि त्यांभोवतीची कॅम रिंग झिजली असेल तर नवी सीलं दाब परत आणत नाहीत.

रिबिल्ट पंप चालतो, मात्र पुली तुमच्या जुन्या पंपावरून काढून बसवायची असेल तर पुली ओढायचे आणि दाबायचे योग्य टूल लागते. हातोडीने ठोकून बसवलेल्या पुलीचा धक्का थेट बेअरिंगला बसतो आणि पुली वाकडी बसली तर बेल्ट पुन्हा उतरतो. नवा पंप महाग, पण ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीला आम्ही तोच सुचवू. भंगारातल्या गाडीवरून काढलेला पंप कमी पैशांत मिळतो, पण त्याच्या आत काय आहे ते कुणी पाहिलेले नसते.

कोणताही पंप बसवण्याआधी जुने ऑइल पांढऱ्या कापडातून गाळा. चंदेरी चमक दिसली तर जुन्या पंपाचा चुरा साऱ्या पाइपांत पसरला आहे. फक्त पंप बदलला तर तोच चुरा नव्या पंपाला खातो. म्हणून रिटर्न पाइप टाकीपासून सोडवून बाटलीत सोडा, टाकीचे रिटर्नचे तोंड बंद करा, वरून नवे ऑइल ओतत राहा आणि कुणाला तरी स्टिअरिंग सावकाश फिरवायला सांगा. स्वच्छ ऑइल येईपर्यंत. यंत्रणेत साधारण १ लिटर ऑइल मावते, फ्लशिंगसाठी दुप्पट हाताशी ठेवा. बीएमडब्ल्यूच्या टाकीत जाळी आतच असते आणि वेगळी मिळत नाही, तिथे टाकीच बदलायची.

ऑइलच्या बाबतीत सवलत नाही. ई-४६ मध्ये काही गाड्यांना लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल) लागते, काहींना हिरवे सीएचएफ ११-एस हे हायड्रॉलिक ऑइल; कोणते ते टाकीच्या झाकणावर लिहिलेले असते. ९९६ पोर्शेला सीएचएफ ११-एस. दोन्ही मिसळू नका. चुकीच्या ऑइलने सीलं फुगतात किंवा कडक होतात आणि दोष काही महिन्यांनी वर येतो.

ट्रॅकवर मदत जाते आणि गाडी थंड झाल्यावर परत येते, असे असेल तर दोष उष्णतेचा किंवा पंपाच्या वेगाचा आहे. सतत उच्च आरपीएमवर पंपात बुडबुडे तयार होतात. पंपाला मोठी पुली लावून त्याचा वेग कमी करणे आणि रिटर्न पाइपवर कूलर बसवणे हे दोन उपाय खरे आहेत. फक्त जाड ऑइल ओतणे हा उपाय नाही. रस्त्यावरच वापरायच्या गाडीला मोठी पुली लावू नका, आयडलवर मदत कमी पडेल.

हायड्रॉलिक रॅक: सील, रिबिल्ट की नवा?

स्पोर्ट्स कारमध्ये रॅक बहुधा सबफ्रेमवर असतो. तो काढायला लागणारी मजुरी पार्टाइतकीच महत्त्वाची, आणि म्हणूनच हे काम दोनदा करायची वेळ येऊ नये.

सील घालणे पटते ते फक्त रॅकचा दांडा आरशासारखा असेल तर. त्यावर नख फिरवा. गंजाचा खड्डा नखाला लागला तर नवे सीलही थोड्याच दिवसांत फाटेल. शिवाय आतल्या व्हॉल्व्हच्या टेफ्लॉन रिंगा ताणून बसवायला आणि मग मूळ आकारावर आणायला खास टूल लागते. ते नसलेल्या ठिकाणी हे काम देऊ नका.

रिबिल्ट रॅक हा बहुतेकांसाठी योग्य मध्यममार्ग. घेताना दोन गोष्टी विचारा: दाबाखाली चाचणी केली आहे का, आणि गुणोत्तर तुमच्याच मॉडेलचे आहे का. ई-४६ मालिकेतच बाहेरून सारख्या दिसणाऱ्या रॅकची गुणोत्तरे वेगवेगळी आहेत. चुकीचा रॅक बोल्टला बसेल आणि गाडीचा स्वभाव मात्र बदलेल.

नवा रॅक मिळत असेल आणि गाडी पुढची दहा वर्षे ठेवायची असेल तर तो घ्या. जुन्या स्पोर्ट्स कारचे अनेक रॅक आता बनतच नाहीत, त्यामुळे हा निर्णय कधीकधी आपल्या हातात नसतो.

ईपीएस: आधी वीज, मग पार्ट

बॅटरी विश्रांतीत १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.७ व्होल्ट हवी. नंतर ईपीएस वाचू शकणारा स्कॅनर लावा. फक्त इंजिनचे कोड वाचणारा छोटा रीडर इथे निरुपयोगी आहे. कोड पुसण्याआधी लिहून ठेवा, व्होल्टेजचे कोड आणि सेन्सरचे कोड वेगळे करा. व्होल्टेजचा आणि सेन्सरचा कोड एकत्र आला तर आधी व्होल्टेज सुधारा. कमी व्होल्टेजमुळे सेन्सरचे खोटे कोडही येतात.

खरी चाचणी आहे व्होल्टेज ड्रॉपची. गाडी कोरड्या जमिनीवर, इंजिन चालू, मदतनीस जागेवरच स्टिअरिंग वळवतो आहे. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या प्लस खांबाला, दुसरे ईपीएस युनिटच्या मुख्य प्लसला. वळवत असताना आकडा ०.३ व्होल्टच्या आत हवा. मग तेच बॅटरीच्या मायनस आणि युनिटच्या अर्थिंगमध्ये, तिथे ०.२ च्या आत. पार्किंगच्या वेळी ईपीएस सहज ५० अँपिअरच्या वर ओढते. वाटेत फक्त ०.०२ ओहमचा अडथळा असला तरी ५० गुणिले ०.०२ म्हणजे १ पूर्ण व्होल्ट वाटेतच जळतो. मल्टिमीटर ओहमवर ठेवून हा ०.०२ ओहम भरवशाने दिसत नाही, म्हणूनच 'वायर चेक केली, ठीक आहे' या वाक्यावर समाधान मानू नका. करंट वाहत असतानाच मोजायचे.

मुख्य फ्यूज सहसा बोल्टने कसलेला असतो. तो डोळ्यांनी अखंड दिसतो आणि तरी आतून केसभर तडा गेलेला असतो, किंवा बोल्ट सैल असतो. त्याच्या दोन्ही टोकांमधला ड्रॉपही याच पद्धतीने मोजा.

मग कनेक्टर. रॅकवरचे कनेक्टर खाली, पाणी आणि चिखलाच्या वाटेवर. आरएक्स-८ मध्ये मदत अधूनमधून जाण्याच्या तक्रारीत पहिली जागा तपासायची ती हीच. कनेक्टर सोडवा, हिरवट थर शोधा, प्रत्येक पिनच्या जोडीची पकड त्याच मापाच्या सुट्या पिनने पाहा. घट्ट ओढ लागली पाहिजे. पिन मागे सरकली असेल तर प्लग लागल्याचा आवाज येतो पण संपर्क होत नाही. कॉन्टॅक्ट क्लीनर वापरा, पाण्याने किंवा सॅंडपेपरने साफ करू नका. पिनवरचा मुलामा गेला की गंज लवकर येतो. मग स्कॅनरवर लाइव्ह डेटा ठेवून हार्नेस (वायरींचा जुडगा) हलवा. आकडा उडी मारतो तिथे दोष आहे.

टॉर्क सेन्सर पाहायचा तर जुन्या ॲनालॉग प्रकारात दोन सिग्नल असतात. हात सोडल्यावर दोन्ही २.५ व्होल्टच्या आसपास आणि वळवताना एक वाढतो तर दुसरा तितकाच कमी होतो. बेरीज ५ व्होल्टच्या आसपास राहते. बेरीज बिघडली तर सेन्सर किंवा त्याची वायर. नव्या गाड्यांत सिग्नल डिजिटल असतो, तिथे मल्टिमीटर नव्हे तर स्कॅनर.

बॅटरी बदलल्यावर लगेच दिवा लागला आणि स्टिअरिंग जड झाले तर घाबरू नका. अनेक गाड्यांत स्टिअरिंग अँगल सेन्सरची स्मृती पुसलेली असते. इंजिन चालू ठेवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवले की ती परत येते.

ईपीएसच्या दुरुस्तीची तुलना

वायर, अर्थिंग, फ्यूज यांची दुरुस्ती सगळ्यात स्वस्त आणि आमच्या मते सगळ्यात जास्त वेळा पुरेशी. त्यात एकच पथ्य आहे: जाड वायरीचा तुकडा जोडायचा तर मूळ जाडीचा, क्रिंप करून आणि ग्लू असलेल्या हीटश्रिंकने बंद करून. टेप गुंडाळून नाही.

वीज आणि कनेक्टर चोख ठरले आणि कोड युनिटच्या आतच बोट दाखवत असेल तर कंट्रोल युनिटचे बोर्ड दुरुस्त करून घेता येते. रिले आणि तडकलेले सोल्डर हे त्यातले साधे दोष. पण असे काम फक्त अशांना द्या ज्यांच्याकडे युनिट बेंचवर मोटरसह चालवून पाहायची सोय आहे. या बोर्डाचे काम नुसती मदत देणे नाही. मोटर चुकीच्या दिशेला ढकलू लागली तर तिची वीज तोडणेही त्याचेच काम आहे. टॉर्क सेन्सर घरगुती पद्धतीने उघडून जोडणे तर आम्ही कुणालाच सुचवणार नाही.

वापरलेला ईपीएस रॅक घेताना बुडालेल्या आणि पुढून ठोकलेल्या गाड्या टाळा. बूट फाटून पाणी आत गेलेले असेल तर बेल्ट आणि बॉल स्क्रूवाल्या रॅकमध्ये गंज आतून बसतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. बूट सरकवून दांड्यावर तांबूस डाग शोधा. शिवाय बऱ्याच गाड्यांत युनिट तुमच्या गाडीला कोड करावे लागते, म्हणजे स्कॅनरने त्या गाडीशी जुळवावे लागते. ते करणारे साधन कुणाकडे आहे हे रॅक विकत घेण्याआधी विचारा. नवा रॅकही बऱ्याच गाड्यांत कोडिंगशिवाय चालत नाही, पण निदान त्याचा इतिहास कोरा असतो.

कॉलमवरची मोटर बदलायची तर काम डॅशबोर्डखालचे, सबफ्रेम नाही. मात्र इथे एअरबॅग आहे. बॅटरी सोडवून मॅन्युअलमध्ये लिहिलेला वेळ थांबा. आणि कॉलम सुटल्यावर स्टिअरिंग व्हील सरळ बांधून ठेवा. ते मोकळे फिरले तर क्लॉक स्प्रिंग (व्हीलखालची, एअरबॅगला वीज नेणारी गुंडाळलेली पट्टी) तुटते आणि एअरबॅगचा दिवा लागतो. रॅक काढतानाही हेच पथ्य.

इलेक्ट्रो-हायड्रॉलिक

इथे दोन्ही जगांची तपासणी लागते, पण क्रम वीज आधी. इंजिन चालू करून पंपाजवळ कान न्या. मोटर फिरते आणि स्टिअरिंग जड तर ऑइल आणि दाबाकडे वळा. मोटर गप्प असेल तर मोठा फ्यूज, रिले, अर्थिंग, आणि इंजिन चालू असल्याचा संकेत पंपाच्या युनिटपर्यंत पोचतो का ते पाहा. बऱ्याच गाड्यांत तो नसला की पंप सुरूच होत नाही. एमआर-२ चा किंवा ओपेल अ‍ॅस्ट्राचा असा पंप इंजिन बदललेल्या गाड्यांत बसवणारे बरेच आहेत. बेल्टचा पंप ठेवायला जागा नसेल तर हा पर्याय चांगला, फक्त स्पीड सिग्नल द्या. तो नसेल तर पंप एकाच ठरावीक वेगाने चालतो आणि वेगात स्टिअरिंग हाताला नको तितके हलके लागते.

मदतच काढून टाकली तर?

हलक्या गाडीत हा पर्याय लोकांना मोह पाडतो. लोटस एलिझ आणि अल्फा रोमिओ ४-सी यांना पॉवर स्टिअरिंग नाही आणि ती चालवायला आनंद आहे. पण त्यांचे रॅक तसेच डिझाइन केलेले आहेत. वेगवान पॉवर रॅकचे दोन पाइप एकमेकांना जोडून गाडी चालवली तर पिस्टन ऑइल ढकलत राहतो, आणि आतल्या टॉर्शन बारचा (व्हॉल्व्ह उघडण्यासाठी पिळला जाणारा दांडा) झोल स्टिअरिंगच्या मध्यभागी ढिलेपणा बनून जाणवतो. नीट करायचे तर रॅक उघडून पिस्टनचे सील काढावे लागते आणि व्हॉल्व्ह कायमचा घट्ट करावा लागतो. म्हणजे रॅक रिबिल्ट करण्याइतकेच काम. पहिल्या एमएक्स-५ ला कारखान्यातूनच बिनमदतीचा, सावकाश गुणोत्तराचा रॅक मिळत असे. तसा रॅक सापडला तर तोच बसवणे कितीतरी शहाणपणाचे.

ईपीएसचा प्लग काढून चालवणे मात्र टाळाच. मोटर आणि तिचे गिअर स्टिअरिंगला लोंबकळत राहतात, त्यामुळे ते साध्या रॅकपेक्षाही जड लागते, आणि काही गाड्यांत स्थिरता नियंत्रणही बंद होते.

जोडताना आणि जोडल्यावर

बँजो बोल्टचे (ऑइलचा पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर दर वेळी नवे. रॅक आणि चाक जोडणाऱ्या टाय रॉडचे टोक सोडण्याआधी दिसणारे आटे मोजून ठेवा, म्हणजे गाडी अलाइनमेंटपर्यंत सरळ जाईल. कॉलमच्या जॉइंटचा पिंच बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कने कसा. एकदाच वापरायचा असेल तर नवा घ्या.

हायड्रॉलिकमधली हवा काढताना इंजिन चालू करायची घाई नको. पुढची चाके उचला, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग टोकापासून टोकापर्यंत १५ ते २० वेळा सावकाश फिरवा, टाकी भरत राहा. बुडबुडे थांबल्यावरच इंजिन चालू करा आणि पुन्हा फिरवा, पण टोकाला दाबून धरू नका. ऑइल दुधाळ दिसले तर इंजिन बंद करून अर्धा तास थांबा. फिरवत राहिलात तर हवा आणखी बारीक मिसळते.

ईपीएसमध्ये क्रम असा: आधी अलाइनमेंट, मग स्टिअरिंग अँगल सेन्सरचे कॅलिब्रेशन, शेवटी टॉर्क सेन्सरचा शून्यबिंदू, आणि तो घेताना स्टिअरिंगला हात लावायचा नाही. कॅलिब्रेशन झाल्यावर मोकळ्या जागी सावकाश वळणे घेऊन पाहा. दोन्ही बाजूंना सारखाच जोर लागला पाहिजे आणि हात सैल केल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडून सारख्याच वेगाने मध्यावर यायला हवे. एका बाजूने आळस दिसला तर शून्यबिंदू पुन्हा घ्या. हायड्रॉलिक गाडीत १०० किलोमीटरनंतर थंड इंजिनावर ऑइलची पातळी पाहा, आणि रॅकचे बूट व सगळे युनियन कोरड्या बोटाने पुसून बघा.